बर्फातल्या तंबूसाठी लाकडी शेगडी घेताय? मग हे आधी वाचा

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की शनिवारी आम्ही दोघं कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ॲल्गॉन्क्विन उद्यानाच्या जंगलात चाललोय. बाहेर उणे बावीस असेल, तंबूत राहणार आणि तंबूतच लाकडाची शेगडी पेटवणार. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, घर घेतलंयस ना तिथे? मग तंबूत चूल मांडायची काय हौस?"

"चूल नाही गं, बंब समज. पत्र्याची पेटी, वर नळकांडं, धूर सगळा बाहेर."

"बंब अंगणात असायचा. त्याला खेटून कुणी झोपत नव्हतं."

तिचं बरोबर होतं. दुकानात गेलात की वजन, किंमत आणि धातूवर बोलणं होतं. पण आपण विकत घेतो ती आग कापडाच्या खोलीत, अंथरुणापासून चार-पाच फुटांवर जळणार असते. शेगडी निवडताना हे डोक्यात ठेवलं, तर निम्मे पर्याय आपोआप गळतात.

हा लेख कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत नव्याने आलेल्या, एखादा हिवाळा खिडकीतून बर्फ बघत काढलेल्या आणि सह्याद्रीतली भटकंती आठवून हात शिवशिवणाऱ्या मंडळींसाठी आहे. इथे या प्रकाराला हॉट टेंटिंग म्हणतात. सह्याद्रीत या शेगडीचं काही काम नाही. तेवढी थंडी नाही आणि राखीव जंगलात आग पेटवायला मनाईच असते. आणखी एक, इथे लोक हिला 'स्टोव्ह' म्हणतात, पण मी शेगडीच म्हणणार. स्टोव्ह म्हटलं की मला अजून पिन मारायचा रॉकेलचा स्टोव्ह आठवतो.

1. आधी झोपायची सोय, मग शेगडी

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाकू. पाठीवर किंवा घसरगाडीवर नेता येईल अशी शेगडी रात्रभर जळत नाही. लहान पेटी गच्च भरून हवा कमी केली तरी तास-दीड तासात निखारे उरतात. मोठ्या पोलादी पेटीत चांगलं कठीण लाकूड असेल तर तीन-चार तास. विझली की अर्ध्या तासात तंबूतलं आणि बाहेरचं तापमान जवळपास एक होतं. कापडच ते, भिंत नव्हे.

म्हणून आधी पैसे घाला ते स्लीपिंग बॅगेत आणि खालच्या चटईत. बॅगेवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. त्यातला 'कम्फर्ट' हा आकडा बघा. 'लिमिट' म्हणजे अंगाचं मुटकुळं करून रात्र काढायची पातळी आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे जेमतेम जीव वाचेल एवढंच. जाहिरातीत हमखास सगळ्यात खालचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. चटईला आर-व्हॅल्यू असते, म्हणजे ती खालची थंडी किती अडवते त्याचा आकडा. बर्फावर झोपायचं तर ती 5 किंवा जास्त हवी. दोन चटया एकावर एक घातल्या की आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे जुनी फोमची चटई टाकून देऊ नका.

मग शेगडी कशाला? संध्याकाळी साडेपाचला अंधार पडतो आणि झोपायला दहा वाजतात. ते साडेचार तास माणसासारखे बसता यावं म्हणून. ओले मोजे, हातमोजे, बुटांचे आतले अस्तर वाळावेत म्हणून. चहासाठी, आणि सकाळी अंथरुणातून बाहेर पडायची हिंमत व्हावी म्हणून. या कामांना लहान शेगडीही पुरते.

पहिल्याच वेळी विकत घेऊ नका, असंही मी म्हणेन. उद्यानांच्या आसपास तंबू आणि शेगडी भाड्याने देणारी दुकानं असतात. एका रात्रीत कळतं, की हे आपल्याला झेपतं की नाही.

2. सामान कसं नेणार?

तीन उत्तरं आहेत आणि प्रत्येकाची शेगडी वेगळी.

गाडी थेट जागेपर्यंत जाणार असेल, तर वजनाचा विचारच सोडा. दहा-बारा किलोची जाड पोलादी शेगडी घ्या. ती स्वस्त असते, वाकत नाही, उष्णता धरून ठेवते. ॲल्गॉन्क्विनमध्ये हायवे 60 वरचं म्यू लेक हे कॅम्पग्राउंड हिवाळ्यातही उघडं असतं. टोरोंटोहून साधारण तीन-साडेतीन तास. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. काही बिनसलं तर गाडी पन्नास पावलांवर असते, आणि गाडीत बसून हीटर लावण्यात कसलाही कमीपणा नाही. (तिथे पाइन मार्टेन नावाचा मुंगसासारखा चपळ प्राणी येतो. खायचं बाहेर ठेवलंत तर गेलंच म्हणून समजा.)

गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडी ओढत जाणार असाल, तर चार ते आठ किलोपर्यंत चालतं. पाठीवर न्यायची असेल तर नळकांड्यासकट दोन-अडीच किलोच्या वर जाऊ नका. म्हणजे टायटॅनियम. त्याची किंमत तशाच आकाराच्या स्टीलच्या शेगडीपेक्षा बरीच जास्त असते.

'पुढेमागे पाठीवर नेऊ' म्हणून आत्ताच टायटॅनियम घेणारे मी बरेच पाहिलेत. त्यातले बहुतेक अजून गाडीनेच जातात.

3. तंबू ठरल्याशिवाय शेगडी घेऊ नका

शेगडीच्या नळकांड्याला तंबूतून बाहेर पडायला वाट लागते. या वाटेला 'स्टोव्ह जॅक' म्हणतात. सिलिकॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाची ती ठिगळासारखी पट्टी असते, तंबूला शिवलेली. ती छतात आहे की बाजूच्या भिंतीत, किती उंचीवर आहे आणि तिचं भोक किती मोठं होऊ शकतं, यावर नळीची जाडी आणि लांबी ठरते. आधी शेगडी घेऊन मग तिच्यासाठी तंबू शोधत बसणं म्हणजे घोड्यापुढे गाडी.

कापडाचे दोन ढोबळ प्रकार. जाड सुती कॅनव्हास, किंवा सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्रण, हे श्वास घेतं. आतली वाफ बाहेर जाते आणि ठिणगी पडली तर बारीक भोक पडून तिथेच थांबण्याची शक्यता जास्त. पण जड, आणि ओलं झालं की आणखी जड. दुसरा प्रकार म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टर. हे मुठीत मावतं, पण दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं आणि आतून दव धरतं. शेगडी विझली की ते दव गोठतं आणि पहाटे कुणी तंबूला धक्का मारला की चेहऱ्यावर बर्फ भुरभुरतो. गाडीने जाणाऱ्यांनी डोळे मिटून कॅनव्हास घ्यावा.

कापडावर 'अग्निरोधक' असा शिक्का असला, तरी त्याचा अर्थ ते जळत नाही असा नसतो. ते हळू जळतं, एवढाच.

साध्या घुमटाकार तंबूला भोक पाडून जॅक शिवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. तसलं काही करू नका. ते तंबू बुटके असतात, भिंती शेगडीच्या अंगावर येतात, खाली नायलॉनची जमीन शिवलेली असते आणि दार एकच. या कामाला बिनतळाचा किंवा निम्मा तळ काढता येईल असा तंबू हवा, उंच आणि उभ्या भिंतींचा. मधल्या एका खांबावर उभा राहणारा शंकूसारखा तंबूही चालतो. 1856 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या हेन्री सिब्ली याने पेटंट घेतलेला तंबू याच घाटाचा होता, आणि त्यात ठेवायची शेगडीही शंकूच्याच आकाराची, बिनतळाची, पत्र्याची. आजच्या चकचकीत वस्तूंमागची कल्पना तितकी जुनी आहे.

4. पत्रा कुठला?

साधं पोलाद: स्वस्त, टिकाऊ, उष्णता धरणारं. गंजतं. घरी आल्यावर कोरडं पुसून तेलाचं बोट फिरवा, पुरे.

स्टेनलेस: गंजत नाही. मधल्या वजनाचं. पातळ पत्र्याची असेल तर कडक आगीत पोक येतो, दार नीट बसत नाही. दार हलवून बघा, बिजागरी बघा, हवेची झडप सहज सरकते का बघा. बहुतेक लोकांनी हीच घ्यावी असं माझं मत. काचेची खिडकी असलेली शेगडी दिसायला झकास. आत किती लाकूड उरलंय ते अंथरुणातून कळतं हा खरा फायदा. पण काच काजळते आणि पाण्याचा थेंब पडला तर तडकू शकते.

टायटॅनियम: हलकं, पटकन तापतं, निळं-जांभळं-सोनेरी होतं, आणि पत्रा पातळ असल्यामुळे तितक्याच पटकन थंड होतं. वाकडंतिकडं होणं त्याच्या स्वभावातच आहे, घाबरू नका.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची शेगडी किंवा नळकांडं नको. तापल्यावर त्यातून निघणारा धूर अंगाला बाधतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या चकचकीत नळ्या बऱ्याचदा याच असतात.

5. पेटीची लांबी टेपने मोजा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी पहिली शेगडी ऑनलाइन घेतलेली, फोटोत भलती गोंडस. आतली लांबी अठ्ठावीस सेंटिमीटर. उद्यानाबाहेरच्या दुकानातून सरपणाचे चार गठ्ठे घेतले, त्यातली लाकडं चाळीस सेंटिमीटरची. अंधार पडलेला, उणे अठरा. मी गुडघ्याखाली एकेक ओंडका दाबून करवतीने दोन तुकडे करतोय आणि तंबूतून दर दहा मिनिटांनी आवाज येतोय, "अहो, संपलं. आणा." त्या रात्री मला ऊब मिळाली ती करवतीमुळेच.

तेव्हा आतून किमान पंचेचाळीस सेंटिमीटर लांब पेटी घ्या, किंवा लहान पेटी घेऊन लाकडं जागेवर कापायची तयारी ठेवा. (घरून कापून का न्यायची नाहीत, ते सातव्या पायरीत आहे.) दाराचं तोंडही बघा. तोंड चिंचोळं असेल तर प्रत्येक लाकूड कुऱ्हाडीने मनगटाएवढं बारीक करावं लागतं.

उलट टोकाची चूकही होते. दोघांच्या तंबूत भलीमोठी शेगडी ठेवली की तंबूत भट्टी होते. मग ती मंद ठेवायला हवा दाबायची, हवा दाबली की लाकूड धुमसतं, धूर आणि काजळी वाढते, आणि विषारी वायूही. लहान आग, पण लखलखीत जळणारी, ही नेहमी चांगली.

6. धुराडं: खरी शेगडी तीच

लोक पेटी बघून शेगडी घेतात, पण चालते ती धुराड्याच्या जोरावर. गरम हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते. ही ओढ उंचीवर अवलंबून असते. नळकांड्याचं वरचं टोक तंबूच्या सर्वांत उंच टोकाच्या वर गेलंच पाहिजे. खाली राहिलं तर वारा तंबूवरून घसरून थेट नळीत शिरतो आणि धूर तुमच्या मांडीवर. आडवी नळी जितकी कमी तितकं बरं. बाजूच्या भिंतीतून काढायची असेल, तर कोपरा वळवून लगेच वर चढवा.

नळ्या दोन जातीच्या. एकमेकींत बसणारे तुकडे: जड, पण मजबूत, दोन मिनिटांत उभे. आणि गुंडाळीची नळी: पातळ पत्र्याचा लांब ताव, जागेवर गुंडाळून कड्यांनी आवळायचा. ही वजनाला नगण्य, पण पहिल्या वेळी दोन माणसं आणि बऱ्याच शिव्या लागतात. कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. जाड हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. एकदा तापली की तिला गोल राहायची सवय लागते आणि पुढे सोपं जातं.

तुकड्यांच्या नळीत सांधे कुठल्या बाजूला तोंड करून बसवायचे ते माहितीपत्रकात बघा. वारा सुटला की सांधा निसटू शकतो. आमचा एकदा निसटला. सुदैवाने दोघं जागे होतो. तंबूत दोन श्वासांत दिसेनासं झालं. दार उघडलं, हातमोजे घालून पेटी दारातून बाहेर बर्फात ढकलली आणि मग खोकत बसलो. तेव्हापासून नळीला वरून तीन बाजूंना तारेचा ताण देतो. तारच. नायलॉनची दोरी तापलेल्या नळीजवळ टिकत नाही. प्रत्येक सांध्याला एक स्क्रूही मारून टाकलाय.

आणखी दोन वस्तू बघून घ्या. एक म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, नळीच्या टोकाला. हिच्याशिवाय तंबूचं छत चाळणी होतं. पण ही जाळी काजळीने तुंबते आणि मग ओढ मरते. चांगली जळणारी शेगडी अचानक धूर मागे फेकायला लागली, तर दहातल्या नऊ वेळा जाळीच असते. रोज सकाळी थंड असताना झटका. दुसरी म्हणजे नळीतली फिरती झडप. हिने उष्णता आत जास्त वेळ राहते. पूर्ण बंद होणारी झडप असेल तर तिच्यात भोक आहे ना, ते पाहा. आणि जळत असताना ती कधीही पूर्ण मिटू नका.

7. परवाने आणि लाकूड

कागदपत्रं फार नाहीत, पण विसरली तर चारशे किलोमीटर फुकट जातात:

- जागेचं आरक्षण. ऑन्टॅरिओच्या उद्यानांत ते आधी ऑनलाइन करावं लागतं. हिवाळ्यात उघड्या असलेल्या जागा मोजक्याच, शनिवार-रविवार पटकन भरतात.
- शेगडी असलेला तंबू त्या उद्यानात चालतो का, याचं उत्तर. फोन करून विचारा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा.
- आगबंदी आहे का ते. ऑन्टॅरिओत वणव्यांचा हंगाम 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर धरतात. ऑक्टोबरात किंवा एप्रिलच्या थंडीत जाणार असाल तर हे बघाच.
- शेगडीचं माहितीपत्रक, छापील. भिंतीपासून किती अंतर ठेवायचं ते त्यात असतं, आणि जंगलात फोनला रेंज नसते.

आता लाकूड. आपल्याकडे गावाहून येताना डिकीत काहीही भरून आणायची सवय. इथे घरामागचं लाकूड उद्यानात नेऊ नका. 2002 मध्ये डेट्रॉइट-विंडसर परिसरात एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा सापडला. तेव्हापासून त्याने ॲशची झाडं अक्षरशः कोट्यवधींनी मारली, आणि तो दूरवर पसरला त्यात सरपणाच्या गाड्यांचा मोठा वाटा होता. म्हणून लाकूड उद्यानातच किंवा जवळच्या दुकानात घ्यायचं. कॅम्पग्राउंडमध्ये झाडं तोडणं, फांद्या गोळा करणं याला सहसा मनाई असते.

सुकं लाकूड ओळखायला मीटर लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुक्याचा टणटण आवाज येतो, ओल्याचा थप्प. टोकाला उभ्या चिरा दिसल्या की समजा वाळलंय. गोठलेलं ओलं लाकूड कुऱ्हाडीखाली फटकन फुटतं, त्यावर भुलू नका. मॅपल आणि पिवळा बर्च ही दमदार, बराच वेळ निखारा धरणारी. पाइन, स्प्रूस चुरचुरत भरभर जळतात, ते पेटवणाला. बर्चची कागदासारखी साल काडीसरशी पेटते, मात्र मनाई नसेल तिथे, तीही जमिनीवर पडलेलीच उचला, जिवंत झाडाची सोलू नका. गठ्ठ्यात किती लाकडं आहेत यावर अवलंबून आहे, पण एका रात्रीला चार-पाच गठ्ठे धरा. वाटेल त्याच्या दुप्पट लागतं.

8. पहिली आग उघड्यावर

नव्या शेगडीवर तेल, रंग, कधी संरक्षक पापुद्रा असतो. पहिल्यांदा तापल्यावर तो जळून उग्र धूर निघतो. म्हणून तंबूत नेण्याआधी एकदा-दोनदा बाहेर, चांगली तासभर पेटवा. मात्र घरामागच्या अंगणात पेटवण्याआधी शहराचा नियम बघा. टोरोंटोत उघड्यावर आग पेटवायला परवानगी नाही, बाकी शहरांत बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो. आम्ही ऑक्टोबरात एका दिवसासाठी उद्यानात जाऊन हे काम उरकलं. वर तवा ठेवून थालीपीठ लावलं, तेव्हाच कळलं की वरचा पत्रा मागच्या बाजूला, नळीजवळ, जास्त तापतो. पुढे भात कुठे ठेवायचा आणि चहा कुठे, हे त्या दिवशी ठरलं.

याच वेळी नळी उभी करायचा सराव करा. मग घरी येऊन हातमोजे घालून, दिवे मालवून, पुन्हा एकदा. हसू नका. अंधारात बर्फात हेच करायचंय.

9. बर्फावर मांडणी

बर्फ पायांनी, फावड्याने चांगला तुडवा आणि तासभर तसाच सोडा. तो घट्ट होतो. नाहीतर रात्री शेगडी तापली की खालचा बर्फ वितळून एक पाय खचतो आणि नळीसकट सगळं कलतं. पायांखाली दोन जाड ओंडके आडवे टाका.

शेगडी दाराच्या बाजूला, पण दार अडवणार नाही अशी. अंथरुण आणि दार यांच्या मधोमध शेगडी येईल, अशी जागा निवडू नका. आग लागली तर शेगडी ओलांडून पळायची वेळ यायला नको. भिंतीपासून माहितीपत्रकात लिहिलंय तेवढं अंतर ठेवा. नसेल लिहिलं तर मी निदान दोन फूट धरतो, आणि वारा कापड आत ढकलतो म्हणून वर थोडं आणखी.

कपडे वाळवायची दोरी शेगडीच्या थेट वर नको. मोजा पडतो, आणि पडतो तो नेमका पेटीवर. नायलॉनच्या जॅकेटचंही तसंच. माझ्या उजव्या बाहीवर कोपराजवळ रुपयाएवढा चकचकीत, कडक डाग आहे. नळीला नुसता ओझरता स्पर्श झाला होता, जळल्याचं कळलंसुद्धा नाही. आत लोकरीचे किंवा सुती कपडे बरे.

चहासाठी बर्फ वितळवताना भांड्यात आधी घोटभर पाणी घाला. नुसता बर्फ टाकला तर तळ करपतो आणि चहाला चक्क जळका वास येतो.

10. रात्र, आणि तो न दिसणारा वायू

लाकूड अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि दिवसभर थंडीत चाललेल्या माणसाला वाटतं की आपण दमलोय. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवून झोपलेली कुटुंबं दगावल्याच्या बातम्या येतात. तो हाच वायू. म्हणून तंबूत कोळशाची शेगडी कधीही नाही, बार्बेक्यूचं उरलेलं घमेलं 'जरा ऊब येईल' म्हणून आत आणणं तर नाहीच.

बॅटरीवर चालणारा अलार्म घ्या, डोक्याच्या उंचीवर, झोपण्याच्या जागेजवळ टांगा. घरगुती अलार्म बहुतेक कडाक्याच्या थंडीसाठी बनवलेले नसतात. खोक्यावर किमान तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. नव्या बॅटऱ्या घाला, जादाच्या बॅटऱ्या खिशात उबेला ठेवा. पण अलार्म आहे म्हणून झरोके बंद करू नका. वरचा एक आणि खालचा एक, दोन्ही उघडे हवेत. तंबूच्या कडेला बर्फ लोटून सगळ्या फटी बुजवण्याचा मोह होतो. शेगडीच्या बाजूची थोडी कड मोकळीच ठेवा.

आणि झोपताना शेगडी विझू द्या. इथे माझं मत कडक आहे, पुष्कळ जुने लोक माझ्याशी सहमत नाहीत. फिनलंडच्या सैन्यात तंबूतली शेगडी रात्रभर चालू असते, पण त्यासाठी एक जण आळीपाळीने जागा राहतो. त्याला 'किपिनामिक्को' म्हणतात, म्हणजे ठिणगीवाला मिक्को. सैन्यात मिक्को असतो. आपण दोघं असतो, आणि दोघंही दमलेले. निखाऱ्यांच्या टप्प्यातही हा वायू निघत असतो, म्हणून आग कोंडून धुमसत ठेवू नका. शेवटचं लाकूड झोपायच्या तासभर आधी घाला आणि हवा मोकळी ठेवून पूर्ण जळू द्या. उशाशी बर्चची साल, बारीक ढलप्या, लायटर आणि चार मनगटाएवढी लाकडं मांडून ठेवा. सकाळी बॅगेतून फक्त हात बाहेर काढून पेटवता आलं पाहिजे.

सोबत काय न्यायचं

धनुष्याकृती करवत आणि लहान कुऱ्हाड. चामड्याचे हातमोजे, वेल्डिंगचे उत्तम. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. लहान अग्निशामक, दाराशी, झाकून न ठेवलेला. तार आणि पक्कड. राख काढायला पत्र्याची बादली आणि पळी. नळी घासायचा ब्रश. फावडं. हातभर लांबीचा चिमटा. सुरी, अंथरुणाजवळ: दार अडकलं तर कापड फाडून बाहेर पडता येतं. कॅनव्हासला लावायला ठिगळ आणि सुई-दोरा.

सकाळी निघताना

राख थंड दिसते, पण तिच्यातला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. बादलीत काढा, बर्फ मिसळून चिखल करा आणि जागेवरच्या आगीच्या खड्ड्यात ओता. झाडाखाली नाही, प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच. पातळ पत्र्याच्या शेगडीत तळाला बोटभर राख राहू दिली तर तळ लवकर जळत नाही, पण तीही पूर्ण विझलेली हवी.

शेगडी विझवायला तास-दीड तास धरूनच उठा. तापलेली पेटी बर्फात टाकून थंड करायला गेलात तर पत्रा वाकतो. नळ्या बाहेर नेऊनच उलट्या करून झटका. एकदा मी तंबूतच झटकल्या आणि तो पांढरा कॅनव्हास अजून पांढरा झालेला नाही. घरी पोहोचल्यावर कितीही कंटाळा आला, तरी तंबू त्याच रात्री तळघरात किंवा गॅरेजमध्ये पसरून वाळत घाला. दोन दिवस पिशवीत राहिला, की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.